अनुशेषाची गणना आणि अपक्व कामे : भंडारा जिल्ह्यातील सिंचनाच्या संदर्भात

महाराष्ट्राच्या प्रशासकीय व्यवहारात ‘अनुशेष’ हा शब्द आज इतका रूढ झाला आहे की, त्याचा अर्थ स्वयंस्पष्ट मानला जातो. वस्तुतः त्यात दोन भिन्न कल्पना एकत्र आलेल्या आहेत. एखादा प्रदेश इतरांच्या तुलनेने किती मागे आहे, ही पहिली. आणि ते मागासलेपण दूर करण्यासाठी कोणती कामे करावयाची राहिली आहेत, ही दुसरी. पहिलीचे उत्तर आकड्यात देता येते. दुसरीचे उत्तर सर्वेक्षण, संकल्पचित्रे, भूसंपादन आणि अंदाजपत्रक यांवाचून देता येत नाही. भंडारा जिल्ह्यातील सिंचनाचा इतिहास पाहिल्यास या दोन्हींची गल्लत किती महाग पडते, हे स्पष्ट होते.

प्रादेशिक असमतोलाची जाणीव राज्यनिर्मितीपूर्वीची आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात निधीच्या न्याय्य वाटपाचे आश्वासन होते आणि १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (२) मध्ये स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली. तथापि कोणाचे किती येणे आहे, हे कोणी मोजले नव्हते. ते कार्य प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने केले. १९८३ मध्ये नेमलेल्या या समितीने १९८४ मध्ये अहवाल सादर केला. जिल्हा हा घटक, राज्याची सरासरी हे प्रमाण, आणि सरासरीपेक्षा कमी पडणाऱ्या जिल्ह्याची तूट म्हणजे अनुशेष, अशी तिची रीत होती. राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये ठरला. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६.५४ कोटी, म्हणजे सुमारे ३९ टक्के होता. सर्वांत मोठी बाब सिंचनाची होती.

या गणनेचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. जी तक्रार तोपर्यंत सभांतून आणि विधिमंडळातील भाषणांतून व्यक्त होत होती, तिला कोष्टकाचे रूप आले. ९ मार्च १९९४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने राज्यपालांवर विशेष जबाबदारी आली आणि विकास मंडळे स्थापन झाली. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून अनुशेष १४,००६.७७ कोटी रुपये काढला. दहा वर्षांत रक्कम चौपटीहून अधिक झाली. पैकी काही वाढ किंमतींची होती. परंतु दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. सरासरी ही स्थिर रेषा नव्हे. पुढारलेले जिल्हे पुढे सरकले की सरासरी वर चढते, आणि स्वतःचे काम करूनही मागचा जिल्हा मागेच दिसतो. अनुशेषाची रक्कम १९९४ च्या पातळीवर स्थिर धरून तिच्या निर्मूलनाचा कार्यक्रम आखण्यामागे हीच अडचण होती.

भंडाऱ्याच्या बाबतीत गणनेपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि बोड्या यांवर येथील धानाची बांधी शतकानुशतके पोसली गेली. नवेगाव बांधसारखा विस्तीर्ण तलाव याच परंपरेचा आहे. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून तो गोंदिया जिल्ह्यात मोडतो. मालगुजारीच्या काळात पाण्याच्या वाटपाची वहिवाट गावच्या वाजिब-उल-अर्जात नोंदलेली असे. पाळ कोठे खचली, कोणता पाट बुजला, हे गावाला डोळ्यांनी दिसे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाकडे गेले, आणि १९६२ नंतर लहान तलावांची व्यवस्था जिल्हा परिषदेकडे आली. न्यायाच्या दृष्टीने हे परिवर्तन आवश्यक होते. परंतु त्याबरोबर देखभालीचा जुना आधार सुटला.

अनुशेषाच्या कोष्टकात सिंचनक्षमतेचे हेक्टर मोजले जातात. गाळाने भरलेला तलाव कागदावर तेवढेच क्षेत्र भिजवीत राहतो. भाताला पावसाच्या ओढीत एखादे पाणी देणारा तलाव आणि दोन हंगामांना बारमाही पाणी देणारा कालवा यांतील अंतरही निव्वळ क्षेत्रफळात प्रतिबिंबित होत नाही. म्हणून गाळ काढणे, तुडूम दुरुस्त करणे, पाळ बळकट करणे ही कामे शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत निकडीची असूनही यादीत ती ठळकपणे येत नाहीत. जे मोजले गेले नाही, ते येणे असूनही अदृश्य राहते.

याच्या उलट टोकाला गोसीखुर्द प्रकल्प आहे. पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभारलेल्या या प्रकल्पास १९८३ मध्ये ३७२.२२ कोटी रुपयांची मान्यता मिळाली. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील २,५०,८०० हेक्टर सिंचनक्षमता हे उद्दिष्ट होते. २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा लाभला. २०१२-१३ च्या दरसूचीनुसार सुधारित खर्च १८,४९४.५७ कोटी रुपये झाला, म्हणजे मूळ अंदाजाच्या सुमारे पन्नास पट. केवळ भाववाढीने एवढी वाढ उलगडत नाही.

हे काम कधीही अदृश्य नव्हते. प्रत्येक अर्थसंकल्पात त्याचा उल्लेख होता. उणीव होती ती पक्वतेची. बाधित गावांचे पुनर्वसन हा त्याचा दाखला होय. त्यासाठी सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज २०१३ मध्ये, म्हणजे पायाभरणीनंतर पंचवीस वर्षांनी मंजूर झाले. जो भाग कामाच्या आरंभीच ठरावयास हवा होता, तो शेवटी ठरला. दरम्यान बुडिताच्या छायेतील कुटुंबांनी घर दुरुस्त करावे की सोडावे, या संभ्रमात एक पिढी काढली. आणि लाभक्षेत्रातील शेतकरी पाण्याची वाट पाहत राहिला.

अर्वाचीन व्यवस्थापनशास्त्रात या प्रश्नाचा विचार सर्वस्वी वेगळ्या क्षेत्रात झालेला आढळतो. संगणक-प्रणाली निर्माण करणाऱ्या छोट्या गटांसाठी केन श्वाबर आणि जेफ सदरलंड यांनी १९९५ मध्ये ‘स्क्रम’ ही पद्धती मांडली. तीत शिल्लक कामांची एकच यादी सर्वांसमोर उघडी असते. तिला ‘बॅकलॉग’ असेच नाव आहे. यादीतील वरची कामे लहान, स्पष्ट आणि हाती घेण्याजोगी केली जातात; खालची ढोबळ असली तरी चालतात. ढोबळ काम यादीत असणे हा दोष नाही. ते स्पष्ट न करता हाती घेणे हा दोष होय. पाटबंधाऱ्याची तुलना संगणक-प्रणालीशी सर्वांशाने करता येणार नाही, कारण धरण अर्ध्यावर पालटता येत नाही. परंतु याच कारणास्तव येथे पूर्वतयारीची गरज अधिक आहे.

डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली २०११ मध्ये नेमलेल्या समितीने २०१३ च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक स्वीकारला. जिल्ह्याच्या सरासरीत लपणारी विषमता त्यामुळे अधिक स्पष्ट झाली. मात्र घटक लहान केल्याने तूट अधिक अचूक दिसते. काम अधिक पक्व होत नाही. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हाही हा भेद संस्थात्मक स्वरूपात मांडला गेलेला नव्हता.

भंडाऱ्याच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष असा की, अनुशेषाची दोन कोष्टके असावयास हवीत. एकात तूट असावी. दुसऱ्यात प्रत्येक कामाची अवस्था, म्हणजे सर्वेक्षण झाले की नाही, जमीन ताब्यात आहे की नाही, विस्थापितांची सोय ठरली की नाही, हे नमूद असावे. पहिले कोष्टक न्यायाची मागणी सिद्ध करते. दुसऱ्यावाचून त्या मागणीपोटी मिळालेला निधी अर्धवट कालव्यांत अडकून पडतो, आणि शेजारच्या तलावातील गाळ मात्र तसाच राहतो.