गुलामाच्या मरणाची खूण

इसवी सनापूर्वी ७१ साल. तुम्ही कापुआहून रोमला निघाला आहात. पायाखाली व्हिया आपियाचे काळे दगड आणि रस्त्याच्या कडेनं उभे केलेले क्रूस. पहिल्या क्रूसावरचा माणूस तुम्ही नीट पाहता. दुसऱ्याकडे बघवत नाही. पुढे मोजणंही सोडून देता, कारण ते संपतच नाहीत. गुलामांचा पुढारी स्पार्टाकस याचं बंड मोडून काढल्यावर रोमन सेनापती क्रॅससनं पकडलेल्या सुमारे ६,००० जणांना या रस्त्यावर टांगलं आहे. कापुआ ते रोम अंतर साधारण २०० किलोमीटर. म्हणजे दर ३०-३५ मीटरवर एक माणूस.

काहींच्यात अजून धुगधुगी आहे. कोणीतरी काही मागतो आहे, बहुधा पाणी. भाषा तुम्हाला कळत नाही. शेजारून चाललेला व्यापारी नाकावर कापडाचं टोक दाबून भराभर पावलं उचलतो. त्याच्या खेचरामागून त्याचे दोन गुलाम मान खाली घालून येताहेत. हे सगळं मांडलं आहे ते त्यांनी पाहावं म्हणून. सामान्यतः रोमन नागरिकाला हे मरण येत नाही; ते गुलामांसाठी, दरोडेखोरांसाठी, बंडखोरांसाठी राखलेलं आहे. उघडं शरीर, चव्हाट्यावरची जागा, रेंगाळत येणारा मृत्यू आणि पुष्कळदा मूठमातीही नाही. आठ वर्षांनी रोमन वक्ता सिसेरो एका खटल्यात सांगणार आहे की क्रूस हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या कानांपासून दूर राहायला हवा.

शंभरेक वर्षांनी जेरुसलेमच्या वेशीबाहेर, दोन गुन्हेगारांच्या मधोमध, येशूलाही हेच मरण आलं. तिथं मी तुम्हाला थांबवत नाही. चारही शुभवर्तमानं ते सविस्तर सांगतात. तुम्हाला घेऊन जायचं आहे ते रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर, इसवी सन २००च्या आसपास.

सम्राटाच्या महालालगतची ही इमारत. राजघराण्याच्या चाकरीसाठी इथं मुलं तयार करतात, त्यातली बरीचशी बहुधा गुलामच. खोलीत दाटी आहे, घामाचा वास आहे. एक पोरगा टोकदार काहीतरी घेऊन भिंतीच्या गिलाव्यावर ओरखडे काढतो आहे आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावून खिदळताहेत. तुम्हीही वाकून बघा. क्रूसावर पाठमोरा माणूस आहे, पण त्याचं डोकं गाढवाचं. खाली डावीकडे एक तरुण त्याच्याकडे बघत हात उंचावून उभा आहे. मग वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत मजकूर येतो: हा अलेक्सामेनोस, आपल्या देवाची पूजा करतो आहे.

क्रूसावरच्या येशूची जी चित्रं आज आपल्या हाती आहेत, त्यांतल्या सर्वांत जुन्यांपैकी हे एक. काढलं ते टिंगल करणाऱ्यानं. तरी मला वाटतं, त्या पोराला क्रूसाचा अर्थ नेमका कळला होता, पुढच्या कितीतरी भाविकांपेक्षा जास्त. क्रूस म्हणजे काय हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मालकाची मर्जी फिरली तर त्यांच्यातल्या कोणालाही तिथं टांगता आलं असतं. आणि हा अलेक्सामेनोस म्हणतो की ज्यानं जग निर्माण केलं, तो आपल्यासारख्यांच्या वाट्याला येणारं मरण मेला, आपल्याच जागी. संत पौलानं करिंथकरांना लिहिलं होतं की क्रूसावरचा ख्रिस्त परक्यांना मूर्खपणा वाटतो. तो मूर्खपणा कसा दिसत असे, ते या भिंतीवर दिसतं.

शेजारच्या खोलीत जा. तिथं वेगळ्या हस्ताक्षरात, लॅटिनमध्ये, अलेक्सामेनोसविषयीच लिहिलं आहे: तो निष्ठावंत आहे.

आता शहराबाहेर, कॅलिक्स्टसच्या भुयारी दफनभूमीत उतरा. तेलाचा दिवा भिंतीजवळ धरा. मासा दिसेल, जहाजाचा नांगर दिसेल, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ दिसेल. क्रूसावर खिळलेला येशू दिसणार नाही. ते मरण अजून चालू आहे. ज्यानं ते डोळ्यांनी पाहिलं, तो ते आपल्या माणसाच्या थडग्यावर रंगवेल कसा? पण त्याच सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन लिहितो की ख्रिस्ती माणूस घराबाहेर पडताना, जेवायला बसताना, दिवा लावताना, अंथरुणावर पडताना कपाळावर क्रूसाची खूण करतो. भिंतीवर नाही, अंगावर. बोट उचललं की मागे काही उरत नाही, आणि तरी दिवसभर ती माणसाबरोबर असते.

इसवी सन ३१२. मिल्व्हियन पुलाजवळच्या लढाईत सम्राट कॉन्स्टन्टाईन जिंकतो आणि विजयाचं श्रेय ख्रिस्ताला देतो. त्याच शतकात क्रूसाची शिक्षा बंद पडते. पुढे क्रूस रत्नांनी मढतो, नाण्यांवर येतो, राजमुकुटावर चढतो. शिक्षा थांबली याहून मोठी गोष्ट कोणती? पण गुलामाच्या मरणाची खूण सैन्यापुढे नाचवली जाताना पाहून मला स्वस्थ बसवत नाही. ज्यांनी टांगलं त्यांच्याच हातात ती गेली.

४३०च्या सुमाराला अव्हेन्टाईन टेकडीवर सांता सबीना चर्चचं सायप्रसच्या लाकडाचं दार घडलं. त्याच्या एका चौकटीत येशू आणि दोन चोर आहेत. येशू आकारानं मोठा, डोळे उघडे, हात प्रार्थनेत पसरावेत तसे. क्रूस मात्र शोधावे लागतात. कारागिरानं ते जवळजवळ लपवले आहेत. संकोच अजून गेलेला नाही.

तो जातो, पण फार उशिरा. ९७०च्या सुमारास कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये उभे राहा. समोर ओकाच्या लाकडातला येशू आहे, १८७ सेंटिमीटर उंचीचा, पुऱ्या वाढलेल्या माणसाएवढा, आणि तो मेलेला आहे. या शिल्पकारानं क्रूसावरचं मरण प्रत्यक्ष पाहिलेलं असणं शक्य नाही. म्हणूनच त्याला ते दाखवायचा धीर झाला, असं कोणी म्हणेल. मला उलट वाटतं. रत्नजडित क्रूसांची सवय झालेल्या लोकांना ते पुन्हा दाखवणं भाग होतं, म्हणून त्यानं डोळे मिटलेले कोरले, मान छातीवर टाकलेली कोरली, पोट पुढे आलेलं आणि देहाच्या भारानं ताणलेले दंड कोरले, आणि आर्चबिशप गेरोनं ते प्रेत आपल्या चर्चमध्ये सगळ्यांना दिसेल असं लावलं.