सही झाली, अंमल अडला
१० सप्टेंबर १९९६

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने न्यूयॉर्कमध्ये सर्वंकष अणुचाचणीबंदी करार १५८ विरुद्ध ३ मतांनी संमत केला. विरोधात भारत, भूतान आणि लिबिया. त्याआधी जिनिव्हातल्या वाटाघाटींत मसुद्यावर एकमत लागे. तिथे भारताच्या प्रतिनिधी अरुंधती घोष अडून बसल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियाने मसुदा आमसभेत आणला.

खरी मेख चौदाव्या कलमात होती. परिशिष्टातल्या ४४ देशांपैकी प्रत्येकाने मान्यता दिल्याखेरीज करार लागू होणार नाही. आणि त्या यादीत भारताचे नाव, तेही त्याच्या संमतीविना! आक्षेप रास्तच होता.

त्या कलमापायी करार आजही अधांतरी आहे. अमेरिका, चीनने सही करूनही मान्यता दिलेली नाही. रशियाने दिलेली मान्यता २०२३ मध्ये मागे घेतली. तरी करारासाठी उभारलेली, भूगर्भातले हादरे टिपणारी केंद्रे चालू आहेत आणि उत्तर कोरियाच्या सहाही चाचण्या त्यांनी पकडल्या.