कामाठीपुरा : नोंदवहीतली बाई

नागपाडा, मदनपुरा हे आमचे मोहल्ले. कामाठीपुरा तिथून हाकेच्या अंतरावर. त्या गल्ल्या मान खाली घालून ओलांडायच्या, हेच आम्ही लहानपणी शिकलो. तिथला इतिहास वाचायला घेतला तो फार उशिरा.

निजामाच्या तेलंगी मुलखातून आलेल्या कामाठी मजुरांवरून या वस्तीला नाव पडले. पुढे गोदी, गिरण्या आणि पलटणी यांनी हजारो एकटे पुरुष मुंबईत आणले आणि या भागात वेश्यावस्ती वाढत गेली. सुखलाजी स्ट्रीटवर युरोपातून आलेल्या स्त्रियाही होत्या; लोक तिला ‘सफेद गल्ली’ म्हणत.

गोऱ्या सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून सरकारने 1868 साली कायदा केला. बाईने पोलिसांत नाव नोंदवायचे, सक्तीची वैद्यकीय तपासणी करून घ्यायची. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाला मात्र ना नोंद, ना तपासणी. 1888 साली हा कायदा रद्द झाला. बाईकडे पाहण्याची ती नजर उरली.

1917 साली डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात अकूताई नावाच्या स्त्रीचा छळ करून खून झाला. तिने तिथून पळून जायचा प्रयत्न केला होता. आरोपींत मिर्झा होता, तशीच गंगाबाईही होती. बाईच्या शरीरावर पैसा कमावणाऱ्यांची जमात एकच असते, हे आम्ही ध्यानात ठेवायला हवे. या खुनाने शहर हादरले. 1923 साली वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आला. 1956 साली केंद्राचा कायदा आला, 1986 साली त्यात दुरुस्ती झाली. तरी धाड पडली की आधी बाईच पकडली जाई.

साहित्याने तिला माणूस म्हणून पाहिले. याच परिसरात वावरलेल्या मंटोने ‘हतक’मधली सौगंधी उभी केली, 1972 साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, असे बजावले.

आता कामाठीपुऱ्याच्या पुनर्विकासाचे आराखडे होत आहेत. जुन्या चाळी जातील, टॉवर येतील. वर्षानुवर्षे भाड्याच्या खोलीत, कुणाच्या तरी नावावर राहिलेल्या बाईकडे हक्काचा कोणता कागद असणार? पोलिसांच्या वहीत जिचे नाव हटकून असे, ते घरांच्या यादीत असेल का, हे आम्ही शेजाऱ्यांनी तरी विचारायला हवे. मान खाली घालून पुष्कळ वर्षे चाललो.