पेटीच्या आधी मधपाळ

मध कोणाला ठाऊक नाही? देवाच्या पंचामृतात तो असतो, वैद्याच्या अनुपानात तो असतो. आणि ज्या माशीने तो साठविला तिचेच मेण ख्रिस्ती वेदीवरील मेणबत्तीत जळत असते. परंतु हा मध आपल्या दारी येतो तो कोणाच्या हातून, आणि त्या हातांना त्यापासून काय मिळते, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. मधमाशी पेटीत राहू लागली आणि त्यामुळे मधाचा धंदा उभा राहिला, असा सामान्यतः समज आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो. आपल्या देशात पेटी आली तेव्हा धंदा आला नाही. खेड्यातील माणसाला ती वापरावयास शिकविणारा कोणी भेटला, तेव्हा तो आला.

पूर्वी मध मिळविण्याचा मार्ग ठरलेला होता. पोळ्याखाली धूर अथवा पलिता धरावयाचा, माश्या हुसकून वा जाळून लावावयाच्या, आणि पोळे कापून फडक्यातून पिळावयाचे. या पिळण्यात मधाबरोबर अंडी, अळ्या आणि परागही पिळले जात. असा मध गढूळ असे, लवकर आंबे आणि बाजारात त्याला भाव कमी येई. त्याहून मोठी हानी ही की, एका वेळच्या मधासाठी सबंध वसाहत नष्ट होई. मध काढणारा मनुष्य धीट असे, डोंगराचा जाणता असे. तथापि त्याची मिळकत कड्याच्या टोकाशी, दैवाच्या भरवशावर लोंबकळत राहिली. पेरणी नाही आणि कापणी मात्र आहे, असा तो व्यवसाय होता.

माश्या पाळावयाच्या म्हटले, तरी सर्वच माश्या पाळल्या जात नाहीत. आग्या माशी उंच झाडाला किंवा कड्याला उघड्यावर एकच मोठे पोळे लावते. ती पेटीत नांदत नाही. फुलोरीचेही पोळे एकच, लहानसे, झुडपात बांधलेले. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात राहते आणि एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. अंधार आणि पोकळी हीच तिची गरज असल्यामुळे ती पेटीलाही घर मानू शकते. आपल्या खेड्यातील मधपाळाची खरी सोबतीण ती हीच.

पेटीचा शोध मात्र परदेशात लागला. अमेरिकेतील धर्मोपदेशक लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ साली एक साधी गोष्ट हेरली. दोन वस्तूंमध्ये सुमारे तीन अष्टमांश इंच अंतर ठेवले, तर माशी ते अंतर मेणाने बुजवीत नाही; येण्याजाण्याची वाट म्हणून ते मोकळे ठेवते. या एका निरीक्षणातून सुट्या चौकटींची पेटी निर्माण झाली. पोळे चौकटीत बांधले गेले, की ती चौकट पुस्तकाच्या पानासारखी बाहेर काढून पाहता येऊ लागली. १८५७ साली जर्मनीत मेरिंग यांनी मेणपत्रा तयार केला. १८६५ साली ऱ्हुश्का यांनी गरगर फिरवून मध काढण्याचे यंत्र दाखविले. आता पोळे न मोडता मध निघू लागला आणि रिकामे पोळे माश्यांना परत देता येऊ लागले. कापणीच्या जागी शेती आली.

ही वार्ता हिंदुस्थानात पोहोचावयास फार वेळ लागला नाही. टपाल व तार खात्यातील डग्लस या अधिकाऱ्याने बंगालमध्ये माश्या पाळण्याचा प्रयत्न केला आणि १८८४ साली या विषयावर इंग्रजीत एक लहानसे मार्गदर्शक पुस्तकही प्रसिद्ध केले. पण या हौशी प्रयोगांतून खेड्याच्या पदरात काही पडले नाही. लँगस्ट्रॉथची चौकट साडेसतरा इंचांहून अधिक लांब, नऊ इंचांहून अधिक उंच. ती युरोपीय माशीच्या भल्या मोठ्या कुटुंबासाठी केलेली. आपली सातेरी आकाराने लहान, तिचे कुटुंबही लहान. एवढे मोठे घर तिला उबेत ठेवता येत नाही, राखता येत नाही. रिकाम्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो आणि एके सकाळी सारी वसाहत पेटी सोडून निघून जाते. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा आपल्याला बसत नाही, तोच हा प्रकार.

हे कोडे सोडविले ते दक्षिणेत, त्रिचनापल्लीला. तेथील जेझुइट धर्मगुरू फादर न्यूटन यांनी सातेरीच्याच सवयी पाहून तिच्या मापाची पेटी बनविली. तिची शिशुकोठीतील चौकट जेमतेम आठ इंच लांब आणि सहा इंचांहून कमी उंचीची. वरची मधकोठी तर याहूनही उथळ. पेटी लहान, वजनाला हलकी आणि गावच्या सुताराला करता येईल इतकी सोपी. पुढे भारतीय मानक संस्थेने सातेरीसाठी पेटीची जी मापे ठरवून दिली, त्यांतील एक याच न्यूटन पेटीला अनुसरणारे आहे.

परंतु न्यूटन यांचे कार्य पेटीपाशी थांबले असते, तर तेही एखाद्या पुस्तकातील आकृतीपुरतेच उरले असते. १९११ ते १९१७ या काळात त्यांनी दक्षिणेतील ग्रामीण लोकांना माश्या पाळण्याचे शिक्षण दिले. भारतातील आधुनिक मधमाशीपालनाचा आरंभ या शिक्षणापासून मानला जातो, आणि ते यथार्थच आहे. कारण या धंद्यातील सगळे कौशल्य डोळ्यांत आणि बोटांत असते. ढोलीतील वसाहत पेटीत आणताना राणी हाती लागली की नाही, चौकटीवर अंडी दिसतात की नुसत्याच अळ्या, घर भरल्यामुळे वसाहत फुटण्याच्या बेतात आहे काय, मधकोठी केव्हा चढवावी आणि माश्यांसाठी किती मध मागे ठेवावा, हे सारे जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. हे ज्ञान पेटीच्या फळ्यांत भरून पाठविता येत नाही.

पुढील काळात ही गोष्ट वारंवार प्रत्ययास आली. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने मधमाशीपालन हा शेतकऱ्याला जोडधंदा म्हणून वाढवावा, अशी शिफारस केली. शिफारशी पुष्कळ होतात. पण त्रावणकोर संस्थानातील मार्तंडम या गावी ती प्रत्यक्षात उतरत होती. तेथे स्पेन्सर हॅच या अमेरिकन कार्यकर्त्याने वाय.एम.सी.ए.च्या वतीने १९२४ च्या सुमारास ग्रामरचनेचे केंद्र उघडले. माणसाने स्वतःचे काम स्वतः करावे आणि जाणकाराने जवळ राहून सल्ला द्यावा, ही त्या केंद्राची रीत होती. तेथे जी कामे शिकविली जात, त्यांत मधमाशीपालन हे एक होते. शिकलेल्यांनी शेजाऱ्यांना शिकविले, मधपाळांची सहकारी संस्था निघाली. त्या मुलखात रबराची झाडे पुष्कळ. या झाडाच्या कोवळ्या पानांच्या देठाशी मधुरस पाझरतो आणि माश्या तो गोळा करतात. फूल नव्हे, पान मध देते, हे ज्याने ओळखले त्याच्या पेट्या भरल्या. शंभर वर्षे होत आली, तरी मार्तंडमचे नाव मधाशी जोडलेलेच आहे.

महाराष्ट्रात या इतिहासाचे प्रमुख स्थान म्हणजे महाबळेश्वर. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि ग्रामोद्योगांच्या यादीत मधमाशीही येऊन बसली. १९४६ साली वैकुंठभाई मेहता मुंबई प्रांताचे मंत्री असताना, प्रांताच्या ग्रामोद्योग समितीने महाबळेश्वरास मधोद्योगाचे काम सुरू केले. जागेची निवड अचूक होती. वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस, उताराची पातळ माती, नाचणी-वरीचे तुटपुंजे पीक. त्यामुळे घाटमाथ्यावरील व जावळीच्या खोऱ्यातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरीत आलेला. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी ओझी वाहण्यास. गावात उरत ते म्हातारे, बायका आणि मुले. शेतात जे पिकत नव्हते ते रानात फुलत होते. प्रश्न एवढाच होता की, ते वेचावयास शिकवील कोण?

येथे शिकणाऱ्या तरुणाला प्रथम पेटी नव्हे, तर रानाचे पंचांग पाठ करावे लागे. माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा ही झाडे पाळीपाळीने फुलतात; मधाचा मुख्य हंगाम तो. जांभळाचा मध गडद रंगाचा आणि किंचित तुरट. पावसाळ्यानंतर दुसरा फुलोरा येतो. त्यात व्हायटी काही वर्षांच्या अंतराने फुलते आणि कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदाच. तिच्या वर्षी डोंगर निळाजांभळा होतो आणि मधपाळ वर्षानुवर्षे त्या सालाची आठवण काढतो. आणि या दोन हंगामांच्या मध्ये येतो तो मुसळधार पावसाळा.

मधपाळाची खरी परीक्षा याच चार महिन्यांत होते. बाहेर फूल नाही, माशीला उडता येत नाही, पेटीत ओल शिरते. वैशाखात लोभाने सगळा मध काढून घेतला असेल, तर श्रावणात वसाहत उपाशी मरते किंवा घर सोडून जाते. म्हणून काही मध मागे ठेवावा लागतो, साखरेचा पाक द्यावा लागतो, रिकामी पोळी काढून घ्यावी लागतात, मेणकिड्यावर नजर ठेवावी लागते. या काळात पेटी एक पैसाही देत नाही, उलट खर्चच मागते. ज्याला हे कोणी शिकविले नाही, तो पहिल्याच पावसाळ्यात निराश होऊन पेटी माळ्यावर टाकतो. ज्याला शिकविले, तो दिवाळीनंतर पुन्हा उभा राहतो.

दुसरी अडचण विक्रीची. एकट्या तरुणाचा चार-सहा पेट्यांचा मध व्यापाऱ्याच्या दारी गेला, की व्यापारी सांगेल तोच भाव. महाबळेश्वरच्या मधपाळांनी यासाठी सहकारी संस्था उभारली. सभासदांचा मध एकत्र आणून तो गाळून, तपासून, बाटल्यांत भरून विकण्याची व्यवस्था झाली. गिरिस्थानी येणाऱ्या प्रवाशाने घरी नेलेली मधाची बाटली हा कुठल्याशा वाडीतील कुटुंबाचा आधार झाला. १९५७ साली अस्तित्वात आलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाचे पहिले अध्यक्षही वैकुंठभाईच होते. या आयोगाने १९६२ साली पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापिली. संस्थेच्या नावातच संशोधन आणि प्रशिक्षण हे शब्द जोडीने आले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

मुंबई राज्यात त्या काळी बेळगाव, धारवाड आणि कारवार हे जिल्हेही होते. सह्याद्रीची तीच रांग आणि तीच सातेरी असल्यामुळे कारवारकडील बागायतदारांच्या सुपारीच्या बागांतही पेट्या दिसू लागल्या. आणि संकट आले तेही याच रांगेने आले. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड नावाचा विषाणुजन्य रोग दक्षिण भारतात पसरला. या रोगात अळी कोषात जाण्यापूर्वीच मरते आणि पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते. केरळ, कर्नाटक व तमिळनाडूतील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट झाल्या. अनेक घरांचे उत्पन्न एका वर्षात बुडाले. या रोगावर औषध नव्हते. पण ज्यांना चौकट उचलून अळी ओळखता येत होती, ते आजारी वसाहत वेगळी काढू शकत होते आणि बचावलेल्या सशक्त वसाहतींपासून पुन्हा पैदास करू शकत होते. सातेरी पुन्हा सावरली, ती रानातील उरलेल्या वसाहतींमुळे आणि अशा जाणत्या हातांमुळे.

दरम्यान १९६० नंतरच्या दशकात पंजाब व हिमाचलाच्या भागात युरोपीय मेलिफेरा माशी यशस्वीपणे रुजली होती. तिचा मध सातेरीच्या कितीतरी पट. परंतु तिला मोहरी, सूर्यफूल अशा पिकांमागे गाडीतून गावोगाव न्यावे लागते. भांडवल अधिक, जोखीमही अधिक. घाटातील लहान शेतकऱ्याने कोणती माशी पाळावी, याचा निर्णय केवळ मधाच्या आकड्यावरून करता येत नाही. त्रिचनापल्लीचा धडा येथेही लागू पडतो : माप ज्याचे त्यालाच बसते.

२०१७ साली खादी आयोगाने मध अभियान सुरू करून प्रशिक्षणासह पेट्या देण्याचे काम हाती घेतले. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. हा गौरव अकस्मात आलेला नाही. त्यामागे पाऊणशे वर्षांचे शिकणे आणि शिकविणे आहे. बापाने मुलाला पावसाळ्यात पेटी कशी राखावी हे दाखविले, म्हणून ते गाव उरले.

वाटलेल्या पेट्या मोजणे सोपे असते. दुसऱ्या वर्षी त्यांपैकी कितींत माश्या आहेत, हे मोजणे कठीण. ज्या ज्या ठिकाणी नुसती लाकडी पेटी देऊन काम संपले असे मानले गेले, तेथे काही वर्षांनी त्या पेटीत कोंबडीने अंडी घातली किंवा घरच्या बाईने कांदे ठेवले. जेथे शिकविणारा पहिला पावसाळा सरेपर्यंत शिकणाऱ्याजवळ राहिला आणि मधाला रास्त भाव देणारी संस्था मागे उभी राहिली, तेथे घरातला एक तरुण मुंबईची गाडी न पकडता गावात राहू शकला. माशीचे उपकार मधापुरतेच नाहीत. तिच्या फेऱ्यांनी शेजाऱ्याच्या शेतातही फळ धरते. खेड्यात राहिलेल्या त्या तरुणाचेही तसेच आहे. तो आपल्या घरापुरते मिळवितो. पण त्याच्या राहण्याने शाळेत मुले राहतात, शेतात हात राहतात आणि गावात गाव राहते.