एका खुनाची कादंबरी

वाचकहो, गावाबाहेरच्या तळ्यात एखाद्या सकाळी प्रेत सापडले, तर गावात काय होते हे तुम्हांला सांगायला नको. पोलीसपाटील येतो, पंचनामा होतो, पारावर आठ दिवस दुसरा विषय निघत नाही. पुढे हळूहळू सगळे विसरतात. पण दीडशे वर्षांपूर्वी रशियात, मॉस्को शहराजवळच्या एका तळ्यात असेच एक प्रेत सापडले आणि त्यातून एक कादंबरी जन्माला आली. ती अजून जग विसरलेले नाही. तिचा लेखक फ्योदोर डोस्टोव्हस्की. कादंबरीचे रशियन नाव ‘बेसी’. बेसी म्हणजे भुते, माणसाला झपाटणारी भुते. सरकार उलथून पाडायला निघालेल्या एका गुप्त मंडळीची ती कथा आहे. तिची आणि तिच्यामागच्या खऱ्या हकिकतीची आज थोडी ओळख करून घेऊ.

आधी खरी हकिकत. ते तळे होते एका शेतकी विद्यालयाच्या बागेत. पेत्रोव्हस्की शेतकी अकादमी हे त्याचे नाव. १८६५ साली ती निघाली. मेलेला तरुण तिथलाच विद्यार्थी, इव्हान इव्हानोव. साल १८६९, रशियाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे तारीख २१ नोव्हेंबर. थंडीने तळे गोठलेले. मारणारे पाच जण होते, पण ते चोर नव्हते की दरोडेखोर नव्हते. त्यांतला एक पुस्तकांच्या दुकानात काम करणारा, एक रशियातल्या गुत्त्यांचा इतिहास लिहिणारा लेखक, एक तर इव्हानोवचाच सहाध्यायी. सगळे एकाच गुप्त संघटनेचे सभासद. म्हणजे इव्हानोवला मारले ते त्याच्या सोबत्यांनीच.

त्यांचा म्होरक्या सर्गेई नेचायेव. वय अवघे बावीस. कापडाच्या गिरण्यांच्या गावात गरिबीत वाढलेला, पूर्वजांनी भूदासपण भोगलेले. स्वतःच्या कष्टाने शिकून तो राजधानीत, सेंट पीटर्सबर्गला, चर्चच्या शाळेत धर्माचा मास्तर झाला होता. शिक्षकमित्रांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे.

त्या काळच्या तरुणांचा राग खोटा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. झार दुसऱ्या अलेक्झांडरने १८६१ साली भूदासांना मोकळे केले खरे, पण जमिनीपोटी त्यांच्या गळ्यात ४९ वर्षांचे हप्ते बांधले. विद्यार्थ्यांना सभा भरवायची बंदी, गरीब सोबत्यांसाठी मदतनिधी काढायची बंदी. सनदशीर तक्रार करायला दार नसले, म्हणजे माणसे मागच्या अंधाऱ्या दाराकडे वळतात. त्या दाराशी नेचायेव उभा होता.

त्याचे भांडवल एकच, थाप. १८६९ च्या आरंभी तो राजधानीतून एकाएकी नाहीसा झाला. पोलिसांच्या गाडीतून टाकलेली त्याची चिठ्ठी रस्त्यात सापडली, अशी पत्रे ओळखीच्यांना गेली. आपण किल्ल्यातल्या तुरुंगातून पळालो, अशी आवई त्याने मागाहून उठवली. दोन्ही गोष्टी बनावट. मग तो स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला गेला. तिथे बाकुनिन हा वयोवृद्ध क्रांतिकारक राहत होता. त्याला नेचायेवने सांगितले, रशियात आमची मोठी संघटना उभी आहे. बाकुनिनने त्याला आपल्या जागतिक संघाचा दाखला लिहून दिला. दाखल्यावर क्रमांक घातला २७७१. जणू आधीचे २७७० जण कुठे हजर होते! म्हणजे दोघांनीही एकमेकांना हवेतले वाडे विकले.

तो कागद घेऊन नेचायेव मॉस्कोला आला आणि पाच-पाच जणांची पथके बांधू लागला. प्रत्येक पथकाला सांगायचे की वर एक केंद्रसमिती आहे, तिचा हुकूम मोडायचा नाही, आणि तुमच्यावर नजर ठेवणारे लोक सगळीकडे आहेत. १९ फेब्रुवारी १८७० ला भूदासमुक्तीची नऊ वर्षे भरतात, त्या सुमारास शेतकरी उठणार, अशी त्याची खात्री होती. प्रत्यक्षात तो दिवस उजाडला आणि मावळला. शेतकऱ्यांचा उठाव काही झाला नाही.

इव्हानोवने केले ते इतकेच, की प्रश्न विचारला. ही समिती आहे कुठे? कुणी पाहिली आहे? हुकूम देणारे तुम्हीच, आणि समितीचे नाव सांगणारेही तुम्हीच, हे कसे? तो संघटना सोडण्याच्या बेताला आला. नेचायेवने इतरांना सांगितले, हा आपल्याला पोलिसांच्या हवाली करणार. पुरावा काहीच नव्हता. बागेतल्या एका गुहेत छापखाना पुरलेला आहे, तो काढायला चल, असे सांगून त्याला रात्री नेले. आधी गळा दाबला, मग डोक्यात गोळी घातली, आणि प्रेत बर्फाखाली तळ्यात ढकलून दिले. थोड्याच दिवसांत ते सापडले. नेचायेव परदेशी पळाला. मागे राहिलेले चौघे पकडले गेले आणि सैबेरियात सक्तमजुरीला गेले.

आता डोस्टोव्हस्कीकडे वळू. तो तेव्हा कर्जापायी देश सोडून जर्मनीत ड्रेस्डेन शहरी राहत होता. योगायोग असा, की त्याचा मेव्हणा त्याच शेतकी अकादमीत शिकत होता. तो बहिणीकडे आला असताना इव्हानोवविषयी बोलला होता, असे डोस्टोव्हस्कीच्या पत्नीने आठवणींत लिहिले आहे. पाठोपाठ खुनाची बातमी वर्तमानपत्रांत आली. १८७१ च्या जानेवारीपासून कादंबरी एका रशियन मासिकात क्रमशः येऊ लागली. त्याच वर्षी उन्हाळ्यात नेचायेवच्या साथीदारांचा खटला पीटर्सबर्गला उघड कोर्टात चालला. लोक सकाळी पेपरात जबान्या वाचत आणि मग मासिकात कादंबरीचे प्रकरण.

कादंबरीत नेचायेवचा झाला आहे प्योत्र व्हेर्खोव्हेन्स्की आणि इव्हानोवचा शातोव्ह. गाव आडवळणाचे, जिल्ह्याच्या ठिकाणासारखे. गव्हर्नरसाहेब आहेत, त्यांच्या बाईसाहेब आहेत, गरीब शिक्षिकांच्या मदतीसाठी ठरवलेला समारंभ आहे. प्योत्र सगळ्यांशी गोड बोलतो, एकाचे दुसऱ्याला सांगतो, आणि बघता बघता समारंभाचा विचका होतो आणि गावाला आग लागते. पण शातोव्हच्या खुनाचा भाग वाचताना हात थबकतो. तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेली त्याची बायको अचानक परत येते, दिवस भरलेली. मूल त्याचे नाही, हे त्याला माहीत आहे. तरी तो रात्रभर धावपळ करतो, सुईण आणतो, आणि मूल जन्मताच आनंदाने वेडा होतो. आता नव्याने जगायचे, असे त्याच्या मनात आहे. इतक्यात दारात माणूस उभा राहतो: चल, पुरलेला छापखाना दाखव. सुईण झालेल्या बाईचा नवराच त्या मारेकऱ्यांत आहे. खून झाल्यावर एक जण जनावरासारखा ओरडत सुटतो. आणि प्योत्र? तो आगगाडीत बसून, पहिल्या वर्गात पत्ते खेळायला निघून जातो. मरणारे आणि तुरुंगात जाणारे मागे राहतात.

तुम्ही विचाराल, लेखकाला हे आतले कसे कळले? कारण तो स्वतः आतला होता. तरुणपणी तोही सरकारविरोधी मंडळीत जात असे, आणि गुप्त छापखाना काढण्याच्या बेतातही होता. १८४९ साली त्याला पकडले. २२ डिसेंबरला भर मैदानात उभे करून मृत्युदंड वाचून दाखवला, आणि अगदी शेवटच्या क्षणी माफी जाहीर केली. हे नाटक झारनेच आधी ठरवलेले! पुढे चार वर्षे त्याने सैबेरियात बेड्यांत काढली. १८७३ साली त्याने मोकळेपणाने लिहिले, की मी नेचायेव कधी झालो नसतो, पण त्या वयात त्याच्यामागे जाणाऱ्यांतला एक झालो नसतो असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

या कबुलीत मला कादंबरीचे मर्म दिसते. प्योत्रसारखी माणसे थोडी असतात. त्यांच्यामागे जाणारी माणसे मात्र तुमच्याआमच्यासारखीच, शिकलेली, भल्या हेतूने आलेली असतात. ती एका पायरीवर गप्प बसतात, दुसऱ्या पायरीवर भितात, आणि तिसऱ्या पायरीवर त्यांच्या हाताला रक्त लागते. मग त्या रक्तानेच ती एकमेकांना बांधली जातात.

कादंबरीत दोष आहेत. डोस्टोव्हस्की तोवर झारचा कट्टर पक्षपाती झाला होता. सुधारणा मागणाऱ्या सगळ्यांनाच त्याने एका काठीने हाकले आहे, आणि थोर लेखक तुर्गेनेव्ह याची टवाळी केली आहे. मात्र सरकारलाही त्याने सोडलेले नाही. गिरणीचे कामगार शांतपणे गाऱ्हाणे घेऊन येतात आणि गव्हर्नर त्यांना फटके मारायला लावतो, असा प्रसंग त्यात आहे.

नेचायेव १८७२ साली झुरिकला पकडला गेला. खुनानंतर १३ वर्षांनी, १८८२ साली, त्याच तारखेला तो पीटर्सबर्गच्या किल्ल्यात मेला. त्याच्या थापा उघड झाल्यावर बाकुनिनने त्याच्याशी १८७० सालीच संबंध तोडले होते. पुढच्या तरुणांनीही त्याचा मार्ग टाकायचे ठरवले. पण दडपशाही सुटली नाही, तशी गुप्त कटांची वाटही बुजली नाही. १८८१ साली बाँब फेकून झारला मारले. लोकांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करण्याच्या एका योजनेला झारने त्याच दिवशी सकाळी संमती दिली होती. नव्या झारने ती गुंडाळून ठेवली.

शिक्षकमित्रांनो, वर्गात एखादा मुलगा उठून विचारतो, ‘गुरुजी, हे खरे कशावरून?’ तेव्हा कधी कधी आपल्यालाही राग येतो. अशा वेळी त्या शेतकी विद्यार्थ्याची आठवण ठेवा. त्याच्या चार सोबत्यांपैकी एकाने जरी त्याच्या बाजूने तोंड उघडून तोच प्रश्न विचारला असता, तर पाचही जण त्या रात्री आपापल्या घरी गेले असते, आणि इव्हानोवही.