ओट्याखालचं खुराडं ते आजची शेड



आमच्या लहानपणी सोनईत ओट्याखाली दगडमातीचं खुराडं असायचं. तोंडाला फळी, फळीला धोंडा. कोंबडी त्यात फक्त रात्री, मुंगूस-मांजराच्या भीतीनं. दिवसभर ती लिंबाखाली, उकिरड्यावर, गोठ्यात गोचीड टिपत हिंडायची. म्हणून उन्हाळा तिला बाधत नव्हता.

मग मूळची इटलीची पांढरी लेगहॉर्न आली. १९७१ ला बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली, १९८२ ला अंड्याच्या भावासाठी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती झाली. कोंबडीचा धंदा झाला आणि ती दिवसाही कोंडली गेली.

मी शेड बांधली, पण डोक्यात खुराडंच होतं. तीन बाजूंनी विटा, वर पत्रा. मे महिन्यात एका दुपारी दीडशेतले चाळीस पक्षी गेले. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग गार करते. हवा कोंडली की संपलं.

आता शेड पूर्व-पश्चिम लांब आहे, म्हणजे ऊन आखूड बाजूवर येतं. लांब बाजूंना फूटभर भिंत, वर जाळी. पत्र्यावर उसाचं पाचट, दुपारी त्यावर पाणी. तीन फूट पुढं काढलेल्या पाख्याखाली शेळ्या बसतात, जाळीवर दोडका चढतो, खालचं तूस खत होऊन कांद्याला जातं. दार मात्र खुराड्यासारखंच गच्च.

खुराडं रात्रीपुरतं बरोबरच होतं. दिवसाची लिंबाची सावली तेवढी आपण हिशेबात धरली नाही.