कोटा, क्रमांक आणि प्रतीक्षा : अमेरिकेच्या स्थायी व्हिसा-व्यवस्थेचा ऐतिहासिक आढावा (१९२१ ते २०२३)

प्रस्तावना :

कायमच्या वास्तव्यासाठी येणाऱ्या परकीयांची संख्या ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला असतो, असे आधुनिक राज्यशास्त्र मानते. मात्र हा अधिकार वापरताना तीन स्वतंत्र निर्णय घ्यावे लागतात. एकूण किती जणांना प्रवेश द्यायचा, ती संख्या कोणत्या गटांत विभागायची आणि इच्छुक अधिक असल्यास कोणाला आधी व कोणाला नंतर बोलवायचे, हे ते निर्णय होत. पहिल्या दोन निर्णयांतून कोटा निर्माण होतो, तर तिसऱ्यातून प्रतीक्षा यादी. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही व्यवस्था १९२१ मध्ये सुरू झाली आणि १९२४, १९५२, १९६५ व १९९० च्या कायद्यांनी तिचे स्वरूप वेळोवेळी बदलले. या बदलांचा मागोवा घेताना एक बाब प्रकर्षाने जाणवते. कोट्याची भाषा वंशभेदाकडून समानतेकडे गेली, तरी व्यक्तीची प्रतीक्षा तिच्या जन्मस्थानावर अवलंबून राहणे काही थांबले नाही.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे :

१. अमेरिकेतील कोटापद्धतीच्या ऐतिहासिक विकासाचा आढावा घेणे.
२. प्रतीक्षा यादीचे प्रत्यक्ष कार्य कसे चालते, हे स्पष्ट करणे.
३. समान देशनिहाय मर्यादेचा भारतीय अर्जदारांवर झालेला परिणाम तपासणे.

१. मुक्त प्रवेशाकडून कोट्याकडे :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अमेरिकेत येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा नव्हती. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेश नाकारण्यात आला आणि १९१७ च्या कायद्याने आशियाचा फार मोठा भाग, ज्यात भारतही होता, निषिद्ध क्षेत्र ठरविण्यात आला. ही बंदी होती, कोटा नव्हता. संख्येचे तत्त्व युरोपीय स्थलांतरितांना प्रथम १९२१ मध्ये लागू झाले. १९१० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येक देशाच्या परदेशजन्म रहिवाशांच्या ३ टक्के इतक्याच व्यक्तींना त्या देशातून दरवर्षी प्रवेश मिळणार होता. एका महिन्यात वार्षिक कोट्याच्या २० टक्क्यांहून अधिक प्रवेश देता येत नसत. परिणामी महिन्याच्या पहिल्या तारखेला मध्यरात्री न्यूयॉर्क बंदरात आधी शिरण्यासाठी जहाजांची शर्यत लागू लागली. ज्यांचे जहाज मागे पडले, त्यांना परतीचा मार्ग दाखविला जाण्याची भीती असे.

१९२४ च्या जॉन्सन-रीड कायद्याने या अनागोंदीवर उपाय शोधला. प्रवाशाने निघण्यापूर्वी आपल्या देशातील अमेरिकन वकिलातीतून व्हिसा घ्यावा आणि वकिलातीने कोट्याच्या मर्यादेतच तो द्यावा, असे ठरले. रांग बंदरातून वकिलातीच्या दारी गेली. आधुनिक प्रतीक्षा यादीचा उगम येथे आहे.

त्याच कायद्याने प्रमाण २ टक्क्यांवर आणले आणि आधार म्हणून १८९० ची जनगणना निवडली. दक्षिण व पूर्व युरोपातून मोठे स्थलांतर त्यानंतर झाले असल्याने या निवडीमागील हेतू उघड होता. इटलीचा सुमारे ४२,००० चा कोटा ३,८४५ वर आला. १९२९ पासून अमेरिकन लोकसंख्येच्या 'राष्ट्रीय मूळां'वर आधारलेले सूत्र लागू झाले. त्यात ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांना ६५,७२१, तर इटलीला ५,८०२ जागा मिळाल्या. न वापरलेल्या जागा दुसऱ्या देशाला देण्याची तरतूद नव्हती. त्यामुळे एका वकिलातीत जागा पडून राहत आणि दुसरीत अर्जदार वर्षानुवर्षे थांबत.

२. प्रतीक्षा यादीचे मोल :

प्रतीक्षा यादी ही केवळ प्रशासकीय सोय नसते, याचा प्रत्यय १९३० च्या दशकाने दिला. नाझी राजवटीतून सुटू पाहणाऱ्या ज्यूंसाठी अमेरिकेच्या कायद्यात वेगळी वाट नव्हती. त्यांनाही जन्मदेशाच्या कोट्यातच उभे राहावे लागे. १९३८ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रिया यांचे कोटे एकत्र करण्यात आले. १९३९ च्या मध्यास या सुमारे २७,००० जागांसाठी ३ लाखांहून अधिक अर्जदार नोंदलेले होते. त्याच वर्षी 'सेंट लुईस' हे जहाज ९०० हून अधिक ज्यू प्रवाशांना घेऊन क्यूबाकडे निघाले. त्यांतील बहुतेकांनी अमेरिकन व्हिसासाठी अर्ज केले होते आणि पाळी येईपर्यंत क्यूबात थांबण्याचा त्यांचा बेत होता. क्यूबाने मोजक्या प्रवाशांखेरीज कोणालाही उतरू दिले नाही आणि अमेरिकेनेही प्रवेश दिला नाही. जहाज युरोपात परतले. परतलेल्यांपैकी २५४ जण पुढे ज्यूंच्या संहारात मरण पावले. त्यांच्या अर्जांना 'नाही' असे उत्तर मिळालेच पाहिजे असे नव्हते. 'अजून पाळी आलेली नाही' एवढे उत्तरही पुरेसे ठरले.

३. भारतासाठी शंभर जागा :

भारतीयांची स्थिती आणखी निराळी होती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय व्यक्ती 'श्वेत' या संज्ञेत बसत नाही आणि म्हणून ती नागरिकत्वास पात्र नाही, असा निर्णय दिला. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांचे स्वतःचे नागरिकत्वही रद्द करण्याचा प्रयत्न शासनाने केला. तो न्यायालयात टिकला नाही. १९२४ च्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना स्थलांतरित म्हणून प्रवेशच नाकारला.

२ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या स्वाक्षरीने संमत झालेल्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क व वर्षाला १०० जागांचा कोटा दिला. याच कायद्यामुळे दलिपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. १९५२ च्या मॅकॅरन-वॉल्टर कायद्याने ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून राष्ट्रीय मूळांचे सूत्र कायम ठेवले. युरोपीय व्यक्ती जन्मदेशाच्या कोट्यात मोजली जाई. आशियाई वंशाची व्यक्ती मात्र अन्यत्र जन्मली तरी वंशानुसार आशियाई कोट्यातच मोजली जाई.

४. १९६५ : सूत्रातील बदल :

३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी अध्यक्ष जॉन्सन यांनी हार्ट-सेलर कायद्यावर स्वाक्षरी केली. राष्ट्रीय मूळांचे सूत्र संपुष्टात आले. पूर्व गोलार्धासाठी १,७०,००० व पश्चिम गोलार्धासाठी १,२०,००० अशी मर्यादा ठरली आणि पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशाला २०,००० ची समान कमाल मर्यादा मिळाली. नागरिकांचे पती-पत्नी, अल्पवयीन मुले व आईवडील यांना संख्येच्या बंधनातून वगळण्यात आले. इतर नातेवाईक व कुशल व्यावसायिक यांच्यासाठी प्राधान्यवर्ग निश्चित झाले. या मार्गाने भारतातून, आणि अर्थातच महाराष्ट्रातून, डॉक्टर, अभियंते व प्राध्यापक अमेरिकेत स्थायिक झाले. १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना होण्याइतका मराठी समाज तेथे उभा राहिला, त्यास ही पार्श्वभूमी आहे.

व्हिसा देताना वंश, लिंग, राष्ट्रीयत्व, जन्मस्थान वा निवासस्थान यांवरून भेदभाव करू नये, असे या कायद्याने स्पष्टपणे सांगितले. तथापि, देशनिहाय मर्यादेला त्याच कलमात अपवाद करण्यात आला. पुढील सर्व पेच या अपवादात दडलेला आहे.

५. आकड्यांची रचना आणि रांगेचे गणित :

१९७६ मध्ये देशनिहाय मर्यादा पश्चिम गोलार्धालाही लागू झाली व १९७८ मध्ये दोन्ही गोलार्धांची संख्या एकत्र करण्यात आली. १९९० च्या कायद्याने आजची चौकट घडविली. कौटुंबिक प्राधान्यवर्गांसाठी वर्षाला किमान २,२६,००० आणि नोकरीवर आधारित वर्गांसाठी १,४०,००० व्हिसा ठरले. दोन्ही मिळून कोणत्याही एका देशाला ७ टक्के, म्हणजे २५,६२० ही सर्वसाधारण कमाल मर्यादा पडते. ही मर्यादा म्हणजे राखीव वाटा नव्हे. चार लाखांहून कमी लोकसंख्येचा आइसलँड आणि शंभर कोटींहून अधिक लोकसंख्येचा भारत यांना एकच कमाल मर्यादा लागू होते, एवढाच तिचा अर्थ आहे.

अर्जदाराचे रांगेतील स्थान 'प्राधान्य दिनांका'वरून ठरते. कौटुंबिक वर्गात नातेवाइकाने विनंतीअर्ज दाखल केल्याचा दिवस, तर नोकरीच्या वर्गात बहुधा मालकाने श्रम विभागाकडे प्रमाणपत्रासाठी अर्ज केल्याचा दिवस हा प्राधान्य दिनांक असतो. व्हिसा कोणत्या देशाच्या खात्यावर मोजायचा, हे नागरिकत्वावरून नव्हे तर जन्मदेशावरून ठरते. पती व पत्नी यांचे जन्मदेश भिन्न असल्यास सोयीच्या देशाचा लाभ घेता येतो.

अमेरिकेचे परराष्ट्र खाते दरमहा 'व्हिसा बुलेटिन' प्रसिद्ध करते. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि पहिल्या तीन तिमाहींत प्रत्येकी २७ टक्क्यांहून अधिक व्हिसा देता येत नाहीत. मागणी उपलब्ध संख्येहून अधिक असलेल्या वर्गासाठी बुलेटिनमध्ये एक 'मर्यादा दिनांक' दिला जातो. ज्यांचा प्राधान्य दिनांक त्याच्या आधीचा, त्यांची पाळी आली असे समजावे. येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. मर्यादा दिनांक दहा वर्षांपूर्वीचा असला, तर आज रांगेत उभ्या राहणाऱ्यास दहा वर्षे लागतील, असे मानले जाते. वास्तविक तो दिनांक रांगेच्या डोक्याशी असलेली व्यक्ती केव्हा आली, एवढेच सांगतो. शेवटच्या व्यक्तीपुढे किती जण उभे आहेत, हे सांगत नाही.

शिवाय हा दिनांक मागेही सरकतो. नोकरीच्या दुसऱ्या प्राधान्यवर्गात भारतासाठी सप्टेंबर २०२२ मध्ये तो १ डिसेंबर २०१४ होता. पुढील महिन्यात तो १ एप्रिल २०१२ वर आणि एप्रिल २०२३ मध्ये १ जानेवारी २०११ वर गेला. पाळी आलेले अर्जदार पुन्हा रांगेत परतले.

६. भारतीय रांगेचे स्वरूप :

नोकरीच्या दुसऱ्या वर्गाला वर्षाला सुमारे ४०,००० व्हिसा मिळतात. त्याचे ७ टक्के म्हणजे सुमारे २,८०० होतात. या संख्येत अर्जदाराबरोबर त्याची पत्नी व मुलेही मोजली जातात. २००० च्या कायद्याने इतर देशांनी न वापरलेले व्हिसा मर्यादेबाहेर देण्याची मुभा दिली. त्याच कायद्याने प्रतीक्षेतील व्यक्तींना तात्पुरत्या एच-१बी व्हिसाची सहा वर्षांपुढे मुदतवाढ मिळू लागली. त्यामुळे रांग देशाबाहेर न राहता अमेरिकेतच, घरे व नोकऱ्या असलेल्या माणसांची झाली.

जुलै २००७ मध्ये या असंतोषाला तोंड फुटले. नोकरीवर आधारित जवळजवळ सर्व वर्ग खुले झाल्याचे आधी जाहीर झाले आणि २ जुलै रोजी व्हिसा संपल्याचे सांगण्यात आले. भारतीय अर्जदारांनी स्थलांतर सेवेच्या संचालकांकडे फुले पाठवून गांधीमार्गाने निषेध नोंदविला. १७ जुलैला निर्णय फिरविण्यात आला व १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले गेले. अर्ज स्वीकारल्याने व्हिसांची संख्या मात्र वाढली नाही.

सर्वांत गंभीर परिणाम मुलांवर होतो. आईवडिलांच्या अर्जावर अवलंबून असलेले मूल एकवीस वर्षांचे झाले की त्याचा आश्रित दर्जा संपतो. २००२ च्या बालसंरक्षणविषयक कायद्याने विनंतीअर्ज तपासण्यात गेलेला काळ वयातून वजा करण्याची सोय केली. व्हिसाच्या प्रतीक्षेत गेलेली वर्षे मात्र वजा होत नाहीत.

देशनिहाय मर्यादा नोकरीच्या वर्गातून काढून टाकणारे विधेयक १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये त्याचे सुधारित रूप संमत केले, परंतु दोन्ही सभागृहांत एकवाक्यता न झाल्याने कायदा झाला नाही. विरोधकांचा युक्तिवाद दुर्लक्षणीय नव्हता. मर्यादा उठविल्यास अनेक वर्षे बहुतांश व्हिसा एक-दोन देशांनाच जातील आणि इतर देशांतील अर्जदारांवर तीच प्रतीक्षा येईल, असे त्यांचे म्हणणे होते.

निष्कर्ष :

१. १९२४ च्या कायद्याने देशादेशांत भेद केला, तर १९६५ च्या कायद्याने सर्व देशांना समान मानले. परंतु देशांची समानता म्हणजे व्यक्तींची समानता नव्हे. एकाच दिवशी, एकाच पात्रतेने अर्ज करणाऱ्या दोघांपैकी एकाला लवकर व दुसऱ्याला दशकांनंतर व्हिसा मिळतो, तो केवळ जन्मस्थानामुळे.

२. देशनिहाय मर्यादा प्रतीक्षेचे वाटप करते, तिची एकूण लांबी ठरवीत नाही. ती लांबी १९९० मध्ये ठरलेल्या एकूण संख्येवर अवलंबून आहे. केवळ मर्यादा हटविल्याने प्रतीक्षा एका देशाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाईल.

३. कोट्याचा आकडा कायदेमंडळात जाहीर चर्चेने ठरतो. प्रतीक्षा मात्र कोणत्याही सभागृहात संमत होत नाही. ती आकड्यांच्या भागाकारातून उरते. १९३९ मधील निर्वासिताला तिने जीव गमवायला लावला आणि आजच्या अर्जदाराच्या मुलाला ती एकविसाव्या वाढदिवशी आईवडिलांच्या अर्जातून वगळते. या दोन परिस्थितींची तुलना होऊ शकत नाही. तथापि, न घेतलेल्या निर्णयाचा भार व्यक्तीवर टाकण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. म्हणून स्थलांतर धोरणाचे मूल्यमापन करताना किती जणांना प्रवेश मिळाला, याइतकेच किती जण किती काळ ताटकळत राहिले, याचेही मोजमाप होणे अगत्याचे ठरते.